की कोणाची, सही कशावर

भंडारा जिल्ह्यात राहून सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांचं गिऱ्हाईक साधारण ठरलेलं असतं. तुमसर-मोहाडीकडची राइस मिल, साकोली-लाखनीतली शिकवणी, एखादी पतसंस्था, पवनीचं कृषी केंद्र. मागणी ऐकायला सोपी असते. धानाचे भाव रोज आपोआप दिसले पाहिजेत, फी मोबाइलवरून आली पाहिजे, बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढलं पाहिजे, धर्मकाट्यावरचं वजन थेट हिशेबात आलं पाहिजे. या चारही कामांत एक प्रोग्राम कुठल्या तरी सर्व्हरला विनंती पाठवतो. ती विनंती कोणाची, आणि वाटेत कोणी तिच्यात हात घातला नाही ना, हे त्या सर्व्हरला कळावं लागतं.

हे प्रश्न दोन आहेत. आपल्याकडची बरीचशी कामं एपीआय की देऊन फक्त पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसरंही त्यातच सुटलं असं धरून चालतात. धान खरेदी केंद्रावरच्या पोत्याशी ताडून पाहा: पोतं कोणत्या केंद्राचं ते छापावरून कळतं, पण आतलं धान काढून भुसा भरला की नाही हे शिवण आणि सील पाहूनच कळतं. की म्हणजे छाप आणि सिग्नेचर म्हणजे सील. कुठे छापावर भागतं आणि कुठे सीलच लागतं, ते एकेक काम घेऊन पाहू.

भावापासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. केंद्र सरकारचं डेटा.गव्ह.इन हे पोर्टल एनआयसीने 2012 साली उभं केलं. बाजार समित्यांचे रोजचे भाव तिथे एपीआयमधून मिळतात: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवक तारीख, आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर. आपलं धान तिथे ‘पॅडी (धान) (कॉमन)’ या नावाने येतं, हे माहीत नसेल तर शोधण्यात अर्धा दिवस जातो. खातं उघडलं की तुमची की मिळते आणि ती विनंतीच्या पत्त्यातच जोडायची असते. पोर्टलवर नमुन्याची की दिसते, पण ती एका वेळी फक्त 10 नोंदी देते. ‘एपीआय बिघडलाय’ म्हणणारे पुष्कळ जण तीच वापरत असतात.

ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. की फक्त कोण किती वेळा मागतो हे मोजायला आहे, त्यामुळे इथे सही नाही आणि तिची गरजही नाही. तरी एक सवय लावून घ्या. पत्त्यात लिहिलेली गोष्ट एचटीटीपीएसमुळे वाटेत झाकली जाते, पण दोन्ही टोकांना उघडीच असते. सर्व्हरच्या लॉगमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत, कोणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती राहते. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवरून थेट पोर्टलला विनंती पाठवू नका. तुमच्या सर्व्हरने दिवसातून एक-दोनदा भाव आणून साठवावेत आणि फोनला तिथून द्यावेत. की फोनमध्ये जाणार नाही, आणि पोर्टल बंद असलं तरी कालचे भाव दिसत राहतील.

पैशाचं काम आलं की मात्र पवित्रा बदलावा लागतो. शिकवणीची फी रेझरपे या पेमेंट गेटवेतून घ्यायची आहे असं धरा. तिथे जोडी मिळते: की आयडी आणि की सिक्रेट. आयडी पानावर दिसला तरी चालतो. सिक्रेट फक्त सर्व्हरवर राहतं आणि तयार होताना एकदाच दिसतं. तुमचा सर्व्हर रेझरपेशी बोलताना ही जोडी बेसिक ऑथने, म्हणजे बेस64 मध्ये लिहून पाठवतो. बेस64 पाहून ‘एन्क्रिप्ट केलंय’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका. ते कोणालाही उलटं वाचता येतं, सगळं संरक्षण एचटीटीपीएसचं असतं.

व्यवहार असा चालतो. तुमचा सर्व्हर आधी ऑर्डर तयार करतो. रक्कम पैशांत द्यायची, 500 रुपयांसाठी 50000. विद्यार्थी पैसे भरतो आणि ब्राउझरकडे तीन गोष्टी परत येतात: ऑर्डर आयडी, पेमेंट आयडी आणि सिग्नेचर. तुम्ही सर्व्हरवर ऑर्डर आयडी, मध्ये एक उभी रेघ, मग पेमेंट आयडी अशी ओळ करायची, की सिक्रेट वापरून तिचा एचमॅक-एसएचए-256 काढायचा आणि आलेल्या सिग्नेचरशी जुळवायचा. जुळला नाही तर फी जमा धरायची नाही. ‘पेमेंट सक्सेस’चं पान उघडलं म्हणून पावती फाडणारा प्रोग्राम बारावीतला हुशार पोरगा एका संध्याकाळी फसवू शकतो, कारण ब्राउझरमधून येणारा प्रत्येक शब्द त्याच्या हातात आहे.

आता त्या सहीत काय नाही ते पाहा. त्यात रक्कम नाही. रक्कम ऑर्डरशी बांधलेली असते आणि ऑर्डर तुम्ही बनवता. ऑर्डर बनवताना रक्कमच ब्राउझरकडून घेतली असेल, तर पोरगा 1 रुपयाची ऑर्डर बनवून घेईल, 1 रुपया खरोखर भरेल, आणि सही अगदी बरोबर जुळेल. म्हणून फीचा आकडा तुमच्या डेटाबेसमधून यायला हवा, आणि पडताळणीच्या वेळी ऑर्डर आयडीही आपल्याच नोंदीतला घ्यायचा, ब्राउझरने पाठवलेला नाही. सही तपासताना ‘जुळली का’ याच्याआधी ‘कशावर केली आहे’ हे विचारायचं. सुरक्षा तपासणीतला हाच प्रश्न लोक पुष्कळदा गाळतात.

एचमॅकच्या पोटात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट बसणार नाही. पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे एकच गुपित असतं. ते वाटेवर कधीच जात नाही. गुपित आणि मजकूर मिळून हॅश काढला जातो, मग त्या हॅशवर पुन्हा गुपित घालून दुसरा हॅश. उत्तर 32 बाइटचं, लिहिल्यावर 64 अक्षरांचं. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी उत्तर पार वेगळं येतं. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांची ही पद्धत फेब्रुवारी 1997 मध्ये आरएफसी 2104 म्हणून प्रसिद्ध झाली. गुपित आणि मजकूर एकापुढे एक ठेवून एकदाच हॅश काढला तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. फ्लिकरच्या एपीआयची सही तशीच होती, गुपितापुढे मजकूर जोडून एमडी5. 2009 साली थाई डुओंग आणि जुलियानो रिझो या दोघांनी दाखवलं की गुपित ठाऊक नसतानाही जुन्या सहीवरून, मजकुराच्या शेवटी आणखी मजकूर जोडून नवी खरी सही तयार करता येते. एसएचए-256 सुद्धा त्या बाबतीत तसाच कच्चा आहे. तेव्हा स्वतःची पद्धत शोधू नका. प्रत्येक भाषेच्या लायब्ररीत एचमॅक तयार असतो.

रेझरपेकडून थेट तुमच्या सर्व्हरला जी सूचना येते, तिला वेबहुक म्हणतात. विद्यार्थ्याचं नेटवर्क मध्येच गेलं तरी पैसे आल्याचं तिच्यातून कळतं, म्हणून ती घ्याच. तिचं सिक्रेट वेगळं असतं, तुम्हीच ठरवलेलं. सही हेडरमध्ये येते आणि पूर्ण मजकुरावर केलेली असते. एकच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून तिच्यासोबत येणारा इव्हेंट आयडी नोंदवून ठेवा, नाहीतर एका फीच्या दोन पावत्या निघतील.

आणि इथेच मराठीत काम करणाऱ्यांना एक खास ठेच लागते. मजकूर इंग्रजीत असेपर्यंत पडताळणी बिनबोभाट चालते. मग कोणीतरी घरच्या पत्त्यात ‘भंडारा’ लिहितं आणि सही जुळेनाशी होते. प्रोग्रामरला वाटतं सिक्रेट चुकलं. सिक्रेट बरोबर असतं. झालेलं एवढंच, की त्याने आलेलं जेसन आधी उलगडलं, वापरलं आणि सही तपासायला पुन्हा जेसन बनवलं. ‘भंडारा’ यूटीएफ-8 मध्ये 18 बाइटचा शब्द आहे. पायथन आणि पीएचपी जेसन बनवताना, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी सहा अक्षरांचा सांकेतिक आकडा लिहितात. तोच शब्द तेव्हा 36 बाइटचा होतो. विनंतीच्या पत्त्यात टाकण्यासाठी टक्क्याच्या चिन्हांनी लिहिला तर 54. तिन्ही ठिकाणी वाचणाऱ्याला ‘भंडारा’च दिसतो, पण सही बाइटवर असते. म्हणून नियम एकच: आलेले कच्चे बाइट जसेच्या तसे घ्या, त्यांच्यावर सही तपासा, जुळली तरच उलगडा. तुमच्या फ्रेमवर्कने तुम्हाला न विचारता आधीच उलगडून ठेवलं असेल, तर त्या एका पत्त्यापुरती ती सोय बंद करा.

‘शेतकऱ्या’ या शब्दात आणखी एक गंमत आहे. त्यातला ऱ् काही कीबोर्ड एका वेगळ्या चिन्हाने लिहितात, तर काही साध्या र् नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. पहिल्या तऱ्हेने हा शब्द 24 बाइटचा, दुसऱ्या तऱ्हेने 27. नावं शोधायची, जुळवायची असतील तेव्हा ती एका साच्यात आणणं योग्यच आहे, पण सहीच्या आधी हा शहाणपणा करू नका. आधी सील पाहा, मग पोतं उघडा.

आता धर्मकाट्याचं काम घेऊ. इथे एपीआय दुसऱ्याचा नाही, तुमचाच आहे. काट्याशेजारचा संगणक ट्रकचं वजन तुमच्या सर्व्हरला पाठवतो. एका ट्रकमागे दोन क्विंटलचा फरक कोणाला तरी फायद्याचा असतो, हे धानपट्ट्यात कोणाला वेगळं सांगायला नको. सर्व्हर फक्त की तपासत असेल, तर की ठाऊक असलेला कोणीही घरी बसून हवं ते वजन पाठवेल. म्हणून प्रत्येक काट्याला स्वतंत्र की आयडी आणि स्वतंत्र सिक्रेट द्या. सिक्रेट म्हणजे मिलचं नाव आणि साल नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादृच्छिक जनित्रातून 32 बाइट काढा. मग ज्या ओळींवर सही करायची त्या पक्क्या ठरवा: विनंतीचा प्रकार, पत्ता, वेळ, विनंतीचा एकदाच वापरायचा क्रमांक, आणि मजकुराचा हॅश, प्रत्येक वेगळ्या ओळीवर. वजन, गाडी क्रमांक आणि काट्याची ओळख मजकुरात असू द्या. नुसत्या मजकुरावर सही केली आणि पत्ता सोडला, तर ‘आवक’ची विनंती उचलून ‘जावक’च्या पत्त्यावर टाकता येते. ओळी ठरवताना त्या कागदावर लिहा आणि दोन्ही टोकांच्या प्रोग्रामरला तोच कागद द्या. या कामात वाया जाणारे बहुतेक तास ‘शेवटी नवी ओळ आहे की नाही’ यावर जातात.

वेळ आणि क्रमांक कशासाठी? खरी, सही केलेली विनंती कोणी नुसती पुन्हा पाठवली तर सही जुळणारच. एकच ट्रक हिशेबात तीनदा चढेल. म्हणून सर्व्हरने पाच मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारायची, आणि त्या पाच मिनिटांत आलेले क्रमांक लक्षात ठेवून दुसऱ्यांदा आलेला फेकायचा. मोठ्या कंपन्याही हेच करतात. ॲमेझॉनची एस3 साठवण 15 मिनिटांहून जास्त फरक असलेली विनंती परत पाठवते.

मग घड्याळाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्याकडे खरा प्रश्न आहे. मिलमधल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. लाइट गेली, आली, आणि संगणक काही वर्षं मागे गेला. सगळी वजनं नाकारली जातात आणि फोन तुम्हाला येतो. दुसरा फरक बरोबर साडेपाच तासांचा: एका टोकाने भारतीय वेळ लिहिली, दुसऱ्याने ती जागतिक वेळ म्हणून वाचली. लॉगमध्ये 19800 सेकंदांचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका. सहीत वेळ नेहमी जागतिक प्रमाणाने लिहा, भारतीय वेळ फक्त माणसाला दाखवायला ठेवा. संगणकाचं घड्याळ एनटीपीने जुळवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायलाही. मिलवाल्याला हे सांगितलं तर तो हसेल, पण सर्व्हर चालवणारे तुम्ही आहात.

नेट बंद असताना वजन थांबत नाही, हेही धरून चला. काट्यावरच्या नोंदी रांगेत साठवायच्या आणि नेट आल्यावर पाठवायच्या असतील, तर वजनाची वेळ मजकुरात ठेवा आणि सहीतली वेळ पाठवतानाची घ्या. दोन्ही एकच धरल्या तर दोन तास नेट नसलेल्या दिवशी सगळी आवक नाकारली जाईल, आणि मग कोणीतरी वैतागून वेळेची तपासणीच काढून टाकेल.

एचमॅकची एक मर्यादा आहे. गुपित दोघांकडे असल्याने सही दोघांनाही करता येते. उद्या भांडण झालं तर ‘हे वजन तुमच्याच काट्याने पाठवलं’ हे तिसऱ्याला पटवता येत नाही. तुम्हीच बनवलं असंही म्हणता येतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 3 मधली डिजिटल सही म्हणजे खासगी आणि सार्वजनिक अशा किल्ल्यांची जोडी. खासगीने सही करायची, सार्वजनिकने कोणीही तपासायची. धान विक्रीच्या नोंदणीला शेतकरी जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणतो, तो याच पद्धतीचा. तलाठ्याचं गुपित कोणाकडेही नसताना ती सही तपासता येते.

राइस मिलचं बिलही त्याच वाटेने जातं. 1 ऑगस्ट 2023 पासून ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटींवर आहे, त्यांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला करपात्र माल विकताना ई-इनव्हॉइस लागतं. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीतला तांदूळ करपात्र आहे, म्हणून पिशवीबंद तांदूळ विकणाऱ्या मिलांचा संबंध येतो. बिल पोर्टलवर चढलं की 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, मिळतो. त्यालाच सही समजण्याची गल्लत पुष्कळ जण करतात. तो विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांचा हॅश आहे. त्यात गुपित काहीच नाही, कोणालाही घरी काढता येतो. खरी सही पोर्टलने आपल्या खासगी किल्लीने केलेली असते आणि ती क्यूआर कोडमध्ये येते. तेव्हा खरेदीच्या बाजूला बसवलेला प्रोग्राम नुसता आयआरएन वाचून बिल खरं मानत असेल, तर तो दुरुस्त करा. क्यूआरमधली सही पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने तपासा, आणि आतली रक्कम कागदावरच्या रकमेशी ताडा.

राहिला प्रश्न सिक्रेट ठेवायचं कुठे. अँड्रॉइड ॲपमध्ये नाही, हे पहिलं. एपीके ही झिप फाइलच असते, उघडून आतले शब्द वाचता येतात. नकाशासारखी जी की ॲपमध्ये ठेवावीच लागते, ती ॲपचं पॅकेज नाव आणि प्रमाणपत्राचा ठसा यांना बांधून घ्या. बाकी सगळी सिक्रेटं सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नका. गेलीच, तर ती पुसून नवा कमिट टाकल्याने काही होत नाही, जुना इतिहासात राहतो. सार्वजनिक रेपॉझिटरीत गेलेलं सिक्रेट त्या क्षणी जळालं असं समजून रद्द करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दादा, की पाठवा ना’ला उत्तर देणंही यातच आलं. काम सोडून पुण्याला गेलेल्या पोराकडे कोणत्या किल्ल्या होत्या, ते त्याच्या शेवटच्या दिवशीच पाहा. एसएमएसची की गळली तर संदेश तुमच्या बॅलन्समधून जातात. एसएमएसच्या नोंदणीसाठी असलेल्या डीएलटी व्यवस्थेवर मंजूर झालेल्या टेम्प्लेटमुळे मजकुराला लगाम बसतो, पण पैसे तुमचेच जातात.

किल्ल्यांचा नेहमीचा बदल करताना मात्र जुनी की आधी बंद करू नका. काही दिवस दोन्ही चालू ठेवा, सगळे काटे नव्यावर आले का ते लॉगमध्ये पाहा, मगच जुनी काढा. त्यासाठी सर्व्हरला सुरुवातीपासून एका काट्याच्या दोन किल्ल्या सांभाळता आल्या पाहिजेत. हे नंतर जोडणं जड जातं.

काम हवाली करण्याआधी पडताळणी मुद्दाम मोडून पाहा. मजकुरातला एक आकडा बदलून पाठवा. तीच विनंती लगेच पुन्हा पाठवा. काट्याच्या संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं मागे करा. एका काट्याची सही दुसऱ्याच्या आयडीने पाठवा. हेडरच काढून टाका: ‘सही नाही तर तपासणी नाही’ असं चुकून लिहिलेला कोड याच वेळी सापडतो. एचमॅक बरोबर निघतो का हे पाहायला आरएफसी 4231 मधली तयार उदाहरणं वापरा, म्हणजे दोन टोकांपैकी कोण चुकतंय ते एका मिनिटात ठरेल. दोन सह्या ताडताना साधं ‘बरोबर आहे का’चं चिन्ह वापरू नका. पहिलं वेगळं अक्षर दिसताच ते थांबतं आणि लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधता येतो. पीएचपी, पायथन, नोड या तिन्हींत सारखाच वेळ घेणारं तुलनेचं फंक्शन आहे, ते घ्या. नकार देताना बाहेर फक्त 401 पाठवा. वेळ चुकली, आयडी चुकला की सही, हे तुमच्या लॉगमध्ये लिहा, सोबत की आयडी आणि मिळालेल्या बाइटची लांबी. सिक्रेट तिथेही लिहू नका.